बीपीची गोळी आणि हृदयाची भिंत



आज आम्ही बचतीचा, कर्जाच्या हप्त्याचा किंवा शेळ्यांच्या विम्याचा विषय घेऊन बसलेलो नाही. आज बोलायचं आहे बीपीविषयी. "पुन्हा बीपी?" असं म्हणून लगेच रेडिओ बंद करू नका. मीठ कमी खा, रोज चाला, चिंता करू नका, हे तुम्ही दहादा ऐकलं आहे आणि ते खरंही आहे. आज त्याच्या पुढचं सांगायचं आहे. बीपी वाढलं की आत हृदयाच्या भिंतीत काय बदल होतो, त्याचा ठोका कसा बिघडतो आणि गोळीनं बीपी उतरवलं की हा बिघाड किती मागे फिरतो. हे आम्ही हौसेनं शिकलो नाही. आमच्या हातून एक चूक झाली, म्हणून शिकावं लागलं. तर आधी ती चूकच सांगतो.

आमच्या गटात एक आक्का आहेत. साठीला आलेल्या. गट सुरू झाला तेव्हापासून हिशेबाची वही त्यांच्याकडे. चार वर्षांपूर्वी गावात तपासणी झाली तेव्हा त्यांचं बीपी १८४ आणि खाली १०२ भरलं. आक्कांना त्रास म्हणाल तर काहीच नव्हता. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, दिवसभर रानात खुरपून संध्याकाळी दहा माणसांच्या भाकरी थापत होत्या. तरी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून गोळी सुरू केली. तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं तर १२८ आणि खाली ८२. आम्ही सगळ्यांनी बैठकीत टाळ्या वाजवल्या. इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं, "आक्कांचे बीपी नॉर्मल झाले." आणि आमच्यातलीच एक बोलून गेली, "आता कशाला हव्यात गोळ्या? बरं झालं की." कुणी तिला अडवलं नाही. आम्हीही नाही. आक्कांनी गोळी सोडली.

दीड वर्ष काही झालं नाही. मग चैत्रात शिखर शिंगणापूरला जाताना त्यांना पायऱ्यांवर दोनदा बसावं लागलं. धाप लागत होती आणि छातीत पाखरू फडफडल्यासारखं होत होतं. "उन्हानं होतंय" म्हणून आम्ही लिंबू सरबत दिलं. पुढे श्रावणात एके सकाळी धार काढता काढता आक्कांचा उजवा हात खाली गळून पडला. तोंड वाकडं झालं. लकवा. दवाखान्यात नेईपर्यंत दुपार झाली होती.

आक्का आज आहेत, चालतात, बोलतातही, पण शब्द सावकाश येतात. सही डाव्या हातानं करतात. हिशेबाची वही आता दुसरीकडे आहे.

तिथल्या डॉक्टरांनी त्यांचा ईसीजी काढला, सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी असते ती टू-डी इको केली आणि पडद्यावर दाखवलं. हृदयाची डावी भिंत १४ मिलिमीटर जाड झालेली. बाईच्या हृदयाची ही भिंत साधारण ६ ते ९ मिलिमीटर असते. वरचा डावा कप्पा ताणून मोठा झालेला. आणि ठोका वेडावाकडा. आम्ही विचारलं, "पण बीपी तर नॉर्मल झालं होतं ना?" त्यावर डॉक्टर म्हणाले, "नॉर्मल झालं नव्हतं, गोळीनं नॉर्मल ठेवलं होतं." हे एक वाक्य आम्हाला आधी कुणी समजावून सांगितलं असतं तर, असं अजून वाटतं. पण खरं म्हणजे आम्ही विचारलंच नव्हतं.

आता समजून घेऊ. हृदय म्हणजे मुठीएवढा मांसाचा पंप. त्याला चार कप्पे, वर दोन, खाली दोन. फुप्फुसातून शुद्ध होऊन आलेलं रक्त वरच्या डाव्या कप्प्यात उतरतं, तिथून खालच्या डाव्या कप्प्यात, आणि हा खालचा डावा कप्पा ते डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सगळीकडे ढकलतो. सगळ्यांत जास्त मेहनत त्याची. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर दिवसाचे लाखभर होतात.

विहिरीवरची मोटार डोळ्यांसमोर आणा. पाइपलाइन मोकळी असेल तर पाणी सहज चढतं. पाइप आतून बारीक झाला, कडक झाला, तर त्याच पाण्यासाठी मोटारीला जास्त जोर लावावा लागतो. बीपी वाढणं म्हणजे हेच. लोखंडाची मोटार अशा वेळी जळते. हृदय मांसाचं असल्यामुळे लगेच जळत नाही. ते हमालाच्या दंडासारखं फुगतं. रोज पोती उचलून दंड जाड होतो ना, तशी खालच्या डाव्या कप्प्याची भिंत वर्षानुवर्षं जाड होत जाते.

आम्हाला आधी वाटलं, जाड झाली म्हणजे ताकद वाढली, चांगलंच की! तसं नाही. हृदयाला दोन कामं असतात, आवळणं आणि सैल होणं. सैल झालं तरच त्यात पुढचं रक्त भरणार. जाड झालेली भिंत ताठर होते. तुमच्यापैकी ज्या साठीच्या पुढच्या आहेत त्यांनी मोट पाहिली असेल. कोरडी पडून कडक झालेली कातड्याची मोट विहिरीत सोडली तर ती नीट उघडत नाही, पाणी अर्धंच भरतं. तसंच इथे होतं. बसल्या जागी काही जाणवत नाही, पण चढ आला, डोक्यावर ओझं आलं की धाप लागते. शिवाय जाड मांसाला रक्तही जास्त लागतं, आणि ते पुरवणाऱ्या बारीक नळ्या काही तेवढ्या वाढत नाहीत. मग आतल्या आत मांसाचे काही धागे मरतात, त्यांच्या जागी व्रण धरतो. जखम भरल्यावर कातडीवर राहतो तसाच चिवट, न आवळणारा.

इथपर्यंत खालच्या कप्प्याचं झालं. खरी गंमत, गंमत कसली, खरा घात वरच्या कप्प्यात होतो. खालचा कप्पा ताठर झाला की वरच्याला त्यात रक्त भरायला जोर करावा लागतो. वरच्याची भिंत मुळात पातळ. ती जाड होण्यापेक्षा ताणली जाते. जुन्या लुगड्यासारखी विसविशीत होते आणि तिच्यातही जागोजागी व्रण पडतात.

आणि ठोका सुरू होतो तो वरूनच. वरच्या उजव्या कप्प्यात एक ठिकाण आहे, तिथून विजेची बारीकशी लहर निघते, दोन्ही वरच्या कप्प्यांतून पसरते आणि मग खाली उतरते. गावच्या लेझमीत हलगीवाला एक असतो आणि सगळ्या पोरी त्याच्या ठेक्यावर पाय टाकतात, तसं. पण वरच्या ताणलेल्या भिंतीत व्रण पडलेले असतात. पाटाचं पाणी सरीत सोडलं आणि मध्ये ढेकळं आली की ते कसं फुटतं, वळतं, उलटं फिरतं, तशी ती लहर फुटते. मग एका हलगीऐवजी पन्नास जण आपापला ठेका धरतात. वरचा कप्पा मिनिटाला तीनशेच्याही वर नुसता थरथरतो, आवळत नाही. त्यातल्या काही लहरी खाली पोचतात, काही नाही, म्हणून मनगटावरची नाडी कधी दोन ठोके पटपट, मग थांबा, मग एक, अशी विस्कटलेली लागते. डॉक्टर याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. आपण विस्कटलेला ठोका म्हणू.

आता याचा लकव्याशी संबंध काय? दुधाला विरजण लावून आपण ते हलवत बसत नाही, स्थिर ठेवतो, तेव्हाच दही घट्ट लागतं. रक्ताचंही थोडं असंच आहे. वाहतं असेल तोवर ठीक. थरथरणाऱ्या कप्प्यात, विशेषतः त्याला चिकटून असलेल्या एका छोट्या पिशवीसारख्या कोपऱ्यात, रक्त साचून राहतं आणि त्याची गुठळी होते. ती सुटली, वर मेंदूत गेली आणि तिथली नळी अडली, की तो लकवा. ठोका असा विस्कटलेला असेल तर लकव्याचा धोका सुमारे पाच पट होतो. आक्कांचं हेच झालं. जाड भिंत, ताणलेला कप्पा, विस्कटलेला ठोका, गुठळी. डोळ्यांना दिसला तो फक्त शेवटचा हात गळालेला. आधीची सगळी वर्षं आत काम चालू होतं.

आता चांगली गोष्ट. हे मागे फिरतं. सगळं नाही, पण बरंच.

आम्हाला वाटायचं, गोळी फक्त आकडा उतरवते, ताप उतरवल्यासारखा. पण हृदयावरचं ओझं उतरलं की भिंतही हळूहळू पातळ होऊ लागते. हमालानं पोती उचलणं सोडलं की दंड उतरतो तसंच. त्याला महिने लागतात, कधी दोन-तीन वर्षं. यावर परदेशात एक मोठा अभ्यास झाला, त्याचं नाव 'लाइफ'. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड, आइसलंड, ब्रिटन आणि अमेरिका इथली ५५ ते ८० वयाची ९१९३ माणसं त्यात होती आणि त्यांत निम्म्याहून जास्त बायका होत्या. सगळ्यांचं बीपी वाढलेलं आणि ईसीजीत भिंत जाड झाल्याची खूण. अर्ध्यांना लोसार्टन नावाची गोळी दिली, अर्ध्यांना एटेनोलॉल. लागेल तशी जोडीला दुसरी गोळी. जवळजवळ पाच वर्षं लक्ष ठेवलं आणि २००२ साली निकाल छापला. बीपी दोन्हीकडे जवळपास सारखंच उतरलं. पण लोसार्टनच्या गटात भिंत जास्त उतरली आणि लकवा एक चतुर्थांशानं कमी झाला. ज्यांचा ठोका आधी नीट होता त्यांच्यात नव्यानं विस्कटलेला ठोका किती जणांना झाला, तेही मोजलं. एटेनोलॉलच्या गटात २२१, लोसार्टनच्या गटात १५०.

त्याच माणसांचे दर वर्षीचे ईसीजी पुन्हा तपासले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. गोळी कुठलीही असो, ज्यांच्या भिंतीची जाडी उतरली त्यांचा ठोका विस्कटण्याचं प्रमाण कमी. म्हणजे भिंत आणि ठोका एकमेकांना बांधलेले आहेत. एक सावरली की दुसऱ्यालाही आधार मिळतो.

हे ऐकून कुणी घरातली एटेनोलॉलची पट्टी फेकून देऊ नका हो! ती गोळी काही जणांना दुसऱ्या कारणासाठी दिलेली असते आणि ती एकदम बंद केली तर छातीत दुखण्यापासून पुढे मोठा त्रास होऊ शकतो. बदल करायचा तर डॉक्टर करतील. आपल्या सरकारी दवाखान्यात बहुतेकींना एम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन मिळते. एम्लोडिपिन रक्ताच्या नळ्या सैल करते. टेल्मिसार्टन ही लोसार्टनच्याच घराण्यातली. नळ्या आवळायला लावणारं आणि हृदयाच्या मांसाला जाड व्हायला, व्रण धरायला सांगणारं एक रसायन शरीरातच तयार होतं, त्याचं काम ती अडवते. एक गोष्ट मात्र लेकी-सुनांसाठी ठळक सांगतो. या 'सार्टन' घराण्यातल्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, पोटातल्या बाळाला इजा होते. दिवस जायची शक्यता असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायचं, लाजायचं नाही.

दुसरा अभ्यास अमेरिकेतला, 'स्प्रिंट' नावाचा, २०१५ साली निकाल आलेला. ९३६१ माणसं, पन्नाशीच्या पुढची. काहींचा वरचा आकडा १४० च्या खाली ठेवला, काहींचा १२० च्या. जिथे जास्त उतरवला तिथे नव्यानं भिंत जाड होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यानं कमी झालं आणि ठोका विस्कटण्याचं प्रमाण सुमारे एक चतुर्थांशानं. पण त्याच गटात बीपी फार खाली जाऊन चक्कर येणं, भोवळ येऊन पडणं, किडनीला त्रास होणं हेही जास्त झालं. शिवाय मधुमेहाची माणसं त्या अभ्यासात घेतली नव्हती. म्हणून आपणच ठरवून "मला १२० च्या खालीच पाहिजे" असा हट्ट नको. आपल्याकडे दवाखान्यात साधारण १४० आणि खाली ९० च्या आत आणण्याचं लक्ष्य असतं. साखर किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टर त्याहून खाली सांगतात.

आता मागे न फिरणारं काय, तेही सांगायला हवं. भिंतीची जाडी उतरते, पण व्रण पूर्ण पुसला जात नाही. वरचा कप्पा एकदा फार ताणला की तो पहिल्यासारखा होणं कठीण. आणि ठोका कायमचा विस्कटला तर नुसतं बीपी उतरवून तो रुळावर येईलच असं नाही. मग रक्त पातळ ठेवणारी गोळी लागते, ठोक्याचा वेग आवरणारी गोळी लागते. आक्कांना आज या दोन्ही चालू आहेत. रक्त पातळ करायची म्हणून दुकानातून एस्पिरिन आणून खाणं हा त्यावरचा उपाय नव्हे. म्हणून लवकर सुरुवात केली तर परत मिळण्यासारखं खूप असतं. उशीर झाला तर आहे तेवढं सांभाळणं उरतं.

आक्कांच्या धाकट्या जाऊबाई आमच्याच गटात आहेत. आक्कांना बघून त्यांनी बीपी मोजलं तर १७० च्या वर. इको केली, भिंत १३ मिलिमीटर. त्यांनी एकही दिवस गोळी चुकवली नाही. आकाशवाणीच्या बातम्या लागल्या की गोळी, असं बांधूनच घेतलं. दोन वर्षांनी पुन्हा इको केली तेव्हा ११ भरली. आम्ही पेढे वाटायला निघालो, तर डॉक्टर हसून म्हणाले, "एखाद्या मिलिमीटरचा फरक मोजणाऱ्याच्या हातानंही पडतो, पण दिशा चांगली आहे." बाईंना मात्र आकड्याचं काही नाही. त्या सांगतात, शिंगणापूरच्या पायऱ्या यंदा न बसता चढले.

मग बायका गोळी का सोडतात? आमच्या सात गटांत आम्ही विचारत फिरलो. "काही होतच नाही तर कशाला," हे पहिलं. "सवय लागते," हे दुसरं. मैत्रिणींनो, सवय तंबाखूची लागते, मशेरीची लागते. गोळीची गरज असते. आपण भाकरी रोज खातो, तिला कुणी व्यसन म्हणत नाही. तिसरं कारण पाय सुजतात. हे खरं आहे, एम्लोडिपिननं काही जणींचे घोटे सुजतात. पण त्यावर गोळी सोडायची नाही, जाऊन सांगायचं. मात्रा कमी करता येते, गोळी बदलता येते. चौथं कारण कुणी पटकन बोलत नाही. नवऱ्याची गोळी आणायला वेळ असतो, स्वतःची संपली तर "पुढच्या बाजाराला बघू" असं होतं. या कारणावर आमच्याकडे औषध नाही, पण आम्ही दर बैठकीत विचारतो, "पट्टीत किती उरल्या?" एकीच्या संपत आल्या असतील तर दवाखान्यात जाणारी दुसरी तिचंही कार्ड घेऊन जाते.

गोळी फुकट मिळते, हे अजून अनेकींना ठाऊक नाही. २०१७ च्या अखेरीस देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा मोठा उपक्रम सुरू झाला. त्यात महाराष्ट्रातून पहिले जिल्हे घेतले ते भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग आणि आपला सातारा. आता उपकेंद्रातच समुदाय आरोग्य अधिकारी बीपी मोजतात आणि महिन्याभराच्या गोळ्या देतात. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीची तपासणी व्हायची असते, आशाताई त्याचा फॉर्म भरून घेतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा वर्षांवरच्या शंभर बायकांत एकवीस जणींचं बीपी वाढलेलं किंवा त्यासाठी गोळी चालू असलेली निघाली. दहा जणींच्या गटात दोन धरा. तुमच्या गटातल्या त्या दोघी कोण, तुम्हाला माहीत आहेत का?

बीपी मोजताना आपल्याकडे एक मजा होते. आपण गर्दी करतो आणि मोजता मोजता गप्पा मारतो. बोलत असताना आकडा वाढतो. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर, पट्टा उघड्या दंडावर, लुगड्याच्या किंवा ब्लाउजच्या बाहीवर नाही. आधी अर्धा तास चहा नाही, मशेरी नाही. लघवी लागली असेल तर जाऊन यायचं. दोनदा मोजायचं.

आणि त्याच वेळी नाडी बघायची. आजच्या बोलण्यातून ही एकच गोष्ट घरी नेलीत तरी चालेल. डावा हात उताणा ठेवा. अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या कडेला, उजव्या हाताची मधली तीन बोटं हलकी टेकवा. अंगठ्यानं बघू नका, त्याची स्वतःचीच नाडी लागते. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. बसलेल्या माणसाचे ठोके साधारण ६० ते १०० असतात. पण आकड्यापेक्षा ठेका ऐका. जात्याची घरघर कशी एका लयीत फिरते, तशी नाडी आहे का? श्वासाबरोबर थोडी पुढेमागे होणं किंवा एखादा ठोका चुकणं पुष्कळांना असतं. पण लयच सापडत नाही, एकामागून एक ठोका वेड्यासारखा पडतो आहे, असं वाटलं तर त्याच आठवड्यात ईसीजी काढून घ्यायचा. ईसीजी काढायला पाच-दहा मिनिटं लागतात आणि दुखत नाही. ठोका असा विस्कटलेला असेल तर डिजिटल मशीनचा आकडाही दर वेळी वेगळा येऊ शकतो, म्हणून तिथे तीनदा मोजून बघायचं.

नाडी विस्कटली म्हणजे कारण बीपीच असं मात्र नाही. थायरॉइडनं होतं. लहानपणी घसा आणि सांधे दुखून ताप आलेला असेल, तर त्यानं हृदयाच्या झडपा खराब होऊन तरुण बाईलाही होतं. आपल्या देशात असं पुष्कळ दिसतं. म्हणून "मी तर पस्तीशीची, मला कशाला" असं कुणी म्हणायचं कारण नाही.

खाण्याचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्हाला पाठ आहे. दिवसाचं सगळं मिळून मीठ एका माणसाला एक लहान चमचा, पाच ग्रॅमच्या आत. भाजीतलं आपण धरतो, पण खर्डा, लोणचं, पापड, कुरडया, सांडगे, खारातल्या मिरच्या यांतलं धरत नाही. सैंधव घेतलं तरी ते मीठच. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. खुरपणी, कांदा लागणीच्या दिवसांत कंबर धरली की आपण दुकानातून दुखण्याची गोळी आणतो आणि सलग आठ-आठ दिवस खातो. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्यांनी बीपी वाढतं आणि बीपीच्या गोळीचं काम अर्धवट राहतं. बीपी असलेल्या बाईनं त्या विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत.

तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय गळणं, शब्द अडखळणं, यांतलं काही अचानक झालं तर तेल चोळत बसू नका, कुणाची वाट बघू नका. १०८ ला फोन करायचा आणि किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवायचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं. आक्कांच्या वेळी आम्हाला हे माहीत नव्हतं. सकाळी सहाचं होतं. आम्ही आधी जीप शोधली, मग देवऋषी, मग डॉक्टर.

आमच्या इतिवृत्ताच्या वहीत आता "बीपी नॉर्मल झाले" असं कुणी लिहीत नाही. "गोळी चालू, बीपी आटोक्यात" असं लिहितो. ती ओळ आक्काच सांगतात, सावकाश, आणि लिहिणारी थांबते तोवर. दर बैठकीला नाडी बघायचं कामही त्यांनीच मागून घेतलं आहे. डाव्या हाताच्या बोटांनी बघतात. मागच्या महिन्यात शेजारच्या वाडीतल्या एका सुनेची नाडी त्यांना बरी वाटली नाही. तिचा ईसीजी काढायचा आहे, सोमवारी आम्ही तिच्याबरोबर जातो आहोत. तुमच्या गटाची पुढची बैठक असेल तेव्हा पासबुकाबरोबर गोळ्यांची पट्टी आणि बीपीचं कार्डही घेऊन या.